सागाला शंभर गुण

भारतातील लाकूडसंशोधनाचा इतिहास बराचसा सागाभोवती फिरतो. सागाच्या गाभ्यात एक तेलकट द्रव्य असते, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. त्यात ठोकलेला खिळा गंजत नाही. वाळताना साग फारसा आकसत नाही, पावसाळ्यात फारसा फुगत नाही आणि रंध्याखाली नीट चालतो. एवढे सगळे गुण एका ठिकाणी देणारे दुसरे लाकूड या देशात नाही. ऐन बळकट असतो, पण वाळताना उलतो. साल त्याहून कठीण, पण वाळायला अतिशय हट्टी. सावर हलकी आणि स्वस्त, पण तोडल्यावर काही दिवसांतच निळी पडते आणि किडते. चीड सरळ वाढतो, पण जमिनीत गाडला तर वाळवी त्याला फार काळ टिकू देत नाही. जंगलात सागाशिवाय शेकडो जातींची झाडे उभी होती, पण इमारतीसाठी, गलबतासाठी आणि पुढे रेल्वेसाठी मागणी व्हायची ती साग, साल आणि देवदार यांचीच. विसाव्या शतकात देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने उरलेल्या झाडांना कामाला लावण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला.

लाकडाचे ज्ञान अर्थात त्याआधीही होते. कोकणातला सुतार ओंडका पाहून त्याला पीळ पडेल की नाही ते सांगू शके. बांबू अंधाऱ्या पक्षात तोडावा, आणून काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा, मगच वापरावा, हा रिवाज जुना आहे. यातल्या पाण्यात बुडवण्याला पुढे प्रयोगाचाही आधार मिळाला: पाण्यात बांबूतले पिठूळ द्रव्य आणि साखर निघून जाते, आणि भुंग्याला हवे असते नेमके तेच अन्न. ब्रह्मदेशात सागाचे झाड तोडण्याआधी बुंध्याभोवती खोल खाच घेऊन ते उभ्यानेच दोनतीन वर्षे मरू देत. ओला साग पाण्यात बुडतो. असा उभ्याने वाळलेला साग तरंगतो आणि नदीतून वाहून आणता येतो. लाकूड सुकवण्याची ही फार मोठी आणि फार संथ पद्धत होती.

लाकूड ही राज्याची गरज असल्याची जाणही महाराष्ट्रात जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात झाडांविषयी स्पष्ट सूचना आहेत. गलबतांसाठी स्वराज्यातल्या अरण्यातील सागासारखी झाडे हुजूरची परवानगी घेऊन तोडावीत. आंबा-फणसाच्या झाडांना मात्र रयतेच्या राजीखुशीशिवाय आणि मोबदल्याशिवाय हात लावू नये, असा त्यांचा आशय आहे. झाड वाढायला किती काळ लागतो याचा हिशेब त्या काळच्या राज्यकर्त्यांनी ठेवला होता, हे या सूचनांवरून दिसते.

पुढे याच सागावर मुंबईचे जहाजबांधणीचे केंद्र उभे राहिले. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने सव्वाशे-दीडशे वर्षे मुंबईच्या गोदीत सागाची जहाजे बांधली. १८१७ मध्ये येथे पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे ब्रिटिश नौदलाचे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे तरंगत आहे. त्यासाठी मलबारचा साग वापरला होता. इंग्लंडमधल्या ओकच्या जहाजांना कुजण्याचा रोग जडलेला असताना सागाची जहाजे दीर्घकाळ टिकली, आणि त्यामुळेच पश्चिम किनाऱ्यावरच्या सागावरचा ताण वाढत गेला. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनरक्षक म्हणून नेमणूक झाली. ते मूळचे शल्यचिकित्सक, आणि पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख. वनखात्याची ही सुरुवात लाकडाच्या टंचाईतून झाली होती.

टंचाई खऱ्या अर्थाने तीव्र केली ती रेल्वेने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्या पन्नास वर्षांत रुळांचे जाळे हजारो मैल पसरले. एका मैलाला १,७६० ते २,००० लाकडी स्लीपर लागत. ते एकदा टाकून भागत नसे. वाळवी, बुरशी, ऊन आणि पाऊस यांच्या माऱ्यात साध्या लाकडाचा स्लीपर काही वर्षांतच कामातून जाई आणि त्या जागी दुसरा घालावा लागे. उघड्यावर टिकतील अशी लाकडे मोजकीच: साग, साल आणि देवदार. हिमालयातल्या देवदाराच्या रांगा स्लीपरसाठी तोडल्या गेल्या, ओंडके भागीरथी-यमुनेतून खाली सोडले गेले. तरीही पुरेना, म्हणून इंग्लंडहून क्रिओसोट मुरवलेले पाइनचे स्लीपर जहाजाने आणले जात. जंगलांनी भरलेल्या देशात हजारो मैलांवरून लाकूड आणावे लागते, ही गोष्ट वनाधिकाऱ्यांना खटकत होती.

क्रिओसोट म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून ऊर्ध्वपातनाने निघणारे काळे, उग्र वासाचे तेल. जॉन बेथेल या इंग्रज संशोधकाने १८३८ मध्ये ते लाकडात खोलवर मुरवण्याची पद्धत पेटंट केली. लोखंडी टाकीत लाकूड भरून झाकण घट्ट लावायचे, आतली हवा उपसून काढायची म्हणजे लाकडातल्या पोकळ्याही रिकाम्या होतात, मग टाकीत तेल सोडून जोराचा दाब द्यायचा. तेल पेशींच्या पोकळ्यांत शिरते आणि तिथेच राहते. जगातला लाकूडरक्षणाचा उद्योग आजही मूलतः याच टाकीवर चालतो. फरक पडला तो टाकीत काय घालायचे याच्यात.

१८६४ मध्ये डीट्रिख ब्रांडिस भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८७८ मध्ये देहरादूनला वनविद्यालय सुरू झाले. जे. एस. गॅम्बल यांनी १८८१ मध्ये भारतीय लाकडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक जातीच्या लाकडाची रचना, वजन आणि स्थानिक उपयोग नोंदले होते. पण त्यातले बहुतेक ज्ञान निरीक्षणाचे होते. हे लाकूड किती भाराला मोडते, वाळताना किती आकसते, जमिनीत किती महिने टिकते, याची मोजलेली उत्तरे कुणाजवळ नव्हती. ‘बळकट’, ‘टिकाऊ’, ‘चांगले’ या शब्दांवर रेल्वेचा अभियंता विश्वास ठेवायला तयार नव्हता, आणि ते योग्यच होते.

१९०६ मध्ये देहरादूनला वन संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या पहिल्या पदांमध्ये वनअर्थतज्ज्ञाचे पद होते. अर्थतज्ज्ञ हे नाव आज फसवे वाटते. त्याचे काम होते जंगलातल्या मालाचा उपयोग शोधणे. आर. एस. ट्रूप हे पहिले वनअर्थतज्ज्ञ. १९०९ मध्ये त्यांनी भारतीय लाकडे आणि त्यांचे उपयोग यांवर पुस्तक काढले. त्यांच्यानंतर आलेल्या राल्फ पिअर्सन यांनी स्लीपरचा प्रश्न हाती घेतला. दुय्यम जातींच्या लाकडांचे स्लीपर घेऊन त्यांत वेगवेगळी द्रव्ये मुरवायची आणि ते खऱ्याखुऱ्या रेल्वेमार्गांवर टाकून वर्षानुवर्षे त्यांच्याकडे लक्ष ठेवायचे, असा हा प्रयोग होता. क्रिओसोटसारखी तेले होती, तशीच साखरेच्या पाकात लाकूड उकळणारी पॉवेलची पद्धतही होती. १९१२ मध्ये पिअर्सन यांनी या विषयावरचे टिपण प्रसिद्ध केले. प्रयोग संथ होता, कारण लाकूड कुजायला जो वेळ लागतो तो कमी करता येत नाही. प्रयोगशाळेत मिळालेले उत्तर खरे की खोटे हे दहा-बारा वर्षांनी रुळाखाली कळते. पिअर्सन पुढे इंग्लंडला परतून प्रिन्सेस रिस्बरो येथील लाकूड-संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. भारतीय जंगलात तयार झालेला अनुभव अशा रीतीने इंग्लंडमधल्या संस्थेच्या पायात गेला.

पहिल्या महायुद्धाने या कामाला पैसा मिळवून दिला. युद्धकाळात आयात थांबली आणि परदेशी मालावर किती अवलंबून आहोत हे सरकारला कळले. १९१६ ते १९१८ या काळात काम केलेल्या औद्योगिक आयोगाने वनोपजाच्या संशोधनाचा विस्तार करण्याची शिफारस केली. त्यानंतर देहरादूनला लाकडाची ताकद तपासणारा विभाग, लाकूड सुकवण्याचा विभाग, लाकूडरक्षणाचा विभाग, लाकडाची सूक्ष्मरचना पाहणारा विभाग आणि कागदाचा विभाग असे स्वतंत्र विभाग उभे राहिले. यंत्रे परदेशातून आली, तज्ज्ञही आले. ७ नोव्हेंबर १९२९ रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी संस्थेच्या नव्या भव्य इमारतीचे उद्घाटन केले. सी. जी. ब्लोमफील्ड यांनी आखलेली ही विटांची वास्तू आज पर्यटक छायाचित्रांसाठी पाहतात. लाकडाच्या दृष्टीने मात्र खरे काम तिच्या आवारातल्या भट्ट्यांत, दाबटाक्यांत आणि एका मोकळ्या मैदानात चालले होते.

लाकूड सुकवणे हे काम वरवर सोपे दिसते. ताज्या तोडलेल्या झाडात पाणी दोन रूपांत असते: पेशींच्या पोकळ्यांत साठलेले आणि पेशींच्या भिंतींत बांधलेले. पोकळ्यांतले पाणी निघून गेले तरी लाकडाच्या मापात काही बदल होत नाही. पाण्याचे प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या पंचवीस ते तीस टक्क्यांपर्यंत उतरले की भिंतींतले पाणी निघू लागते आणि तिथून पुढे लाकूड आकसायला लागते. ते सगळ्या दिशांना सारखे आकसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. वाढीच्या वलयांना आडवे थोडे. वलयांच्या कडेने त्याच्या सुमारे दुप्पट. या विषम आकसण्यामुळेच फळी वाकते, पिळते, मधोमध खोलगट होते. शिवाय वरचा थर आधी वाळून आकसू पाहतो आणि आतला ओला थर त्याला अडवतो. ताण असह्य झाला की लाकूड तडकते. घराचे दार पावसाळ्यात चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात सैल होते, त्याच्या मुळाशी हेच गणित आहे.

देहरादूनच्या भट्टीत हे गणित ताब्यात आणण्याचा प्रयत्न झाला. भट्टी म्हणजे वाफेने तापवलेली बंद खोली. तीत पंख्यांनी हवा फिरवायची, पण कोरडी गरम हवा एकदम सोडायची नाही; आधी हवा दमट आणि तापमान कमी ठेवायचे, लाकूड आतून बाहेरपर्यंत सारखे तापू द्यायचे, मग हळूहळू दमटपणा उतरवत आणि उष्णता चढवत जायचे. प्रत्येक जातीला हा क्रम वेगळा. सावरीसारख्या मऊ लाकडाला जे सोसते ते ऐनाला सोसत नाही. अनेक वर्षांच्या प्रयोगांतून भारतीय लाकडांसाठी असे क्रम बसवले गेले. एस. एन. कपूर यांनी १९३४ मध्ये लाकूड सुकवण्याची पुस्तिका लिहिली. पुढे भारतीय मानकात लाकडांचे सुकण्याच्या हट्टीपणानुसार तीन गट पडले: अतिशय हट्टी, मध्यम आणि सोपी; शिवाय भट्टीचे सात तक्ते ठरले. गटवारी करून ठेवणे हे कदाचित या साऱ्या संशोधनातले सर्वांत उपयोगी काम असावे. वखारवाल्याला लाकडाची पेशीरचना कळायची गरज नव्हती. त्याला तक्त्याचा क्रमांक पुरेसा होता.

बळकटीच्या चाचणीतही असेच घडले. अमेरिकेतल्या पद्धतीवर आधारलेला एक प्रदीर्घ प्रकल्प देहरादूनला चालवला गेला; त्याचे नावच ‘प्रकल्प क्रमांक १’. गाठी नसलेले, सरळ रेषांचे, दोन इंच बाय दोन इंच बाय तीस इंचांचे तुकडे घ्यायचे, अठ्ठावीस इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर ठेवायचे आणि मध्यावर हळूहळू भार वाढवत मोडेपर्यंत न्यायचे. अशाच दुसऱ्या तुकड्यांवर दाब द्यायचा, हातोडा पाडून धक्का द्यायचा, पोलादी गोळी अर्ध्यापर्यंत दाबून कठीणपणा मोजायचा, खिळा उपसायला किती जोर लागतो ते पाहायचे. ओल्या लाकडावर एकदा, वाळलेल्यावर पुन्हा. एकेका जातीची झाडे वेगवेगळ्या जंगलांतून आणायची, कारण एकाच जातीचे लाकूड दोन ठिकाणी सारखे नसते. या कामाचा आरंभ एल. एन. सीमन यांनी केला, आणि ते ज्यांनी दीर्घकाळ पुढे नेले त्यांपैकी प्रमुख होते व्ही. डी. लिमये. १९३३ मध्ये त्यांनी भारतीय लाकडांच्या भौतिक आणि यांत्रिक गुणधर्मांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. स्वातंत्र्यानंतरही त्यांचे काम चालू होते आणि १९५४ मध्ये त्यांनी भारतीय लाकडांची गुणांवरून आणि उपयोगांवरून गटवारी मांडली.

मोडण्याचे पौंड आणि इंच यांचे हजारो आकडे जमा झाले, पण ते सुताराला काय किंवा ठेकेदाराला काय, निरुपयोगी होते. ते वाचता येतील असे करण्यासाठी देहरादूनने एक सोपी युक्ती काढली. सागाला प्रत्येक गुणात १०० धरायचे आणि इतर प्रत्येक लाकडाचे गुण सागाच्या तुलनेत लिहायचे. वजन, तुळई म्हणून ताकद, तुळई म्हणून ताठपणा, खांब म्हणून योग्यता, धक्का सोसण्याची शक्ती, आकार टिकवण्याची क्षमता, चिरण्याला विरोध, पृष्ठभागाचा कठीणपणा: प्रत्येक रकान्यात एक आकडा. साल सागापेक्षा सुमारे ३० टक्के जड, सुमारे ५० टक्के कठीण आणि २० ते ३० टक्के ताकदवान. धक्का सोसण्यात सुमारे ४५ टक्के वरचढ. आकार टिकवण्यात मात्र तो सागाच्या पुष्कळ खाली. हातोड्याच्या दांड्यासाठी धक्क्याचा रकाना पाहायचा, खिडकीच्या चौकटीसाठी आकार टिकवण्याचा, जमिनीवरच्या फळ्यांसाठी कठीणपणाचा. सागाला सरसकट पहिला क्रमांक देणारी समजूत या तक्त्याने मोडली. साग सर्व गुणांत चांगला असतो, पण एकेका गुणात त्याला हरवणारी लाकडे बरीच आहेत, हे आकड्यांनी दाखवले.

टिकाऊपणा मात्र यंत्रात मोजता येत नाही. त्यासाठी देहरादूनच्या आवारात एक मैदान राखले होते, आणि लाकूडतज्ज्ञ त्याला कबरस्तान म्हणत. साठ सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर जाड खुंट्या अर्ध्या जमिनीत गाडून रांगेने उभ्या केलेल्या. प्रत्येकीवर क्रमांकाचा बिल्ला. ठरावीक काळाने माणूस येई, खुंटी उपसून पाही, वाळवीने किती खाल्ली, बुरशीने किती मऊ केली ते नोंदवी आणि पुन्हा गाडून ठेवी. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक टिकणारी लाकडे उत्तम टिकाऊ, पाच ते दहा वर्षे टिकणारी मध्यम, पाचांहून कमी टिकणारी अल्पायुषी, अशी वर्गवारी यातून आली. त्यात एक बारकावा फार महत्त्वाचा ठरला. टिकाऊपणा गाभ्याच्या लाकडाचा असतो. सालीलगतचे पांढरट लाकूड कुठल्याही जातीचे असो, सागाचेही, ते कुजतेच. आज बाजारात विकत घेतलेला साग लवकर किडला तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

रक्षणाच्या बाबतीत क्रिओसोटची उपयुक्तता सिद्ध झाली होती. १९२३ मध्ये नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने पंजाबात बियास नदीकाठी ढिलवान येथे दाबपद्धतीचा कारखाना उभारला. हिमालयातून नदीने वाहत आलेले चीड, कैल, फर यांचे स्लीपर तेथे क्रिओसोट आणि इंधनतेलाच्या मिश्रणाने भरले जाऊ लागले. ज्या झाडांना आधी स्लीपर म्हणून कुणी विचारत नसे ती रुळाखाली जाऊ लागली. पण तेलाच्या काही मर्यादा होत्या. ते महाग, काळे आणि वासाचे. घराच्या वाशाला किंवा दाराच्या चौकटीला ते चालत नाही, त्यावर रंगही बसत नाही. पाण्यात विरघळणारे क्षार स्वस्त आणि स्वच्छ असतात. मोरचूद हा तांब्याचा क्षार बुरशीला मारतो आणि सोमल वाळवीला. पण पाण्यात विरघळून लाकडात गेलेली वस्तू पाण्यातच विरघळून बाहेर येते, आणि भारतात चार महिने पाऊस पडतो. एका पावसाळ्यात विष धुऊन निघाले की खर्च वाया.

या कोड्याचे उत्तर सोंटी कामेसम या आंध्रातल्या संशोधकाने देहरादूनला शोधले. रिचर्ड फाल्क या जर्मन कवकतज्ज्ञासोबत त्यांनी आधी सोमल आणि क्रोमियम यांचे एक मिश्रण तयार केले होते. दोघांच्या नावांवरून त्याला ‘फाल्कामेसम’ म्हटले गेले. मग कामेसम यांनी त्यात तांबे आणले. १९३३ मध्ये तयार झालेल्या या मिश्रणात सोमलाचे ऑक्साइड, मोरचूद आणि डायक्रोमेट होते. भारतीय मानकात पुढे त्याचे प्रमाण १, ३ आणि ४ असे नोंदले गेले. सोमलाची ‘अस्’ आणि तांब्याची ‘क्यू’ ही रासायनिक चिन्हे जोडून त्याचे नाव पडले ‘अस्क्यू’.

यातली युक्ती क्रोमियममध्ये होती. डायक्रोमेट पाण्यात सहज विरघळते; ते लाकडात शिरले की लाकडातली साखर आणि लिग्निन त्याच्याशी प्रक्रिया करतात आणि सहा संयोगी क्रोमियमचे तीन संयोगी क्रोमियम होते. ही अवस्था पाण्यात विरघळत नाही. तांबे आणि सोमल यांनाही ते आपल्यासोबत लाकडाच्या तंतूंशी बांधून टाकते. म्हणजे टाकीत असताना द्रव, लाकडात गेल्यावर काही दिवसांत जवळजवळ दगड. लाकडाचे रसायन स्वतःच आपल्या रक्षणाला हातभार लावते. तांबे बुरशीला रोखते, आणि तांब्याला दाद न देणाऱ्या बुरशा आणि वाळवी यांना सोमल रोखते. भारतात सुरू झालेल्या संशोधनाने जगाच्या बाजारात इतका मोठा वाटा उचलल्याचे उदाहरण विरळाच. १९३८ मध्ये कामेसम यांना अमेरिकेत पेटंट मिळाले. तेथील टेलिफोन कंपन्यांनी खांबांसाठी हे मिश्रण वापरायला घेतले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच सूत्राच्या सुधारित आवृत्त्यांनी अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधला लाकूडरक्षणाचा उद्योग व्यापला. अंगणातल्या कठड्यांना आणि खेळण्याच्या झोक्यांना येणारी हिरवट झाक ही कामेसम यांच्या तांब्याची होती. एवढे करूनही भारतात त्यांचे नाव क्वचितच कुणाच्या तोंडी आढळते. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ते आले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या महायुद्धात लाकडाचे काम पुन्हा तातडीचे झाले. चहाच्या खोक्यांसाठी लागणारे प्लायवूड तोपर्यंत युरोपातून आणि जपानमधून येई, ते थांबले. देशात प्लायवूडचे कारखाने उभे राहिले, पण गोंद कशाचा हा प्रश्न होता. दुधातले केसीन, भुईमुगाच्या पेंडीतले प्रथिन अशा देशी पदार्थांवर डी. नारायणमूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देहरादूनला प्रयोग केले. पुढे त्यांनी चिंचोक्याच्या तपकिरी सालीतल्या टॅनिनपासूनही लाकडाचा गोंद करून पाहिला, आणि १९५७ मध्ये त्यावरचा लेख प्रसिद्ध केला. प्लायवूडमुळे विषम आकसण्याच्या दुखण्यावर वेगळेच औषध मिळाले: पातळ पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे चिकटवले की प्रत्येक पापुद्रा शेजारच्याचे आकसणे धरून ठेवतो. बंगळूरला प्लायवूड उद्योगासाठी वेगळी संशोधन संस्था १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिली आणि नारायणमूर्ती तिचे संचालक झाले. म्हैसूर संस्थानाने १९३८ मध्ये तिथेच सुरू केलेली वनप्रयोगशाळा पुढे लाकूडविज्ञानाची स्वतंत्र संस्था झाली.

स्वातंत्र्यानंतर या ज्ञानाचे मानकांत रूपांतर झाले. लाकूडरक्षणाचे मानक १९५४ मध्ये आले, सुकवण्याचे आणि चाचण्यांचे त्यामागोमाग. त्यातले एक मानक भारताचे हवेतल्या दमटपणानुसार चार विभाग पाडते आणि कोणत्या विभागात दारासाठी, जमिनीसाठी, फर्निचरसाठी वापरायचे लाकूड किती कोरडे असावे ते सांगते. सरासरी दमटपणा ४० टक्क्यांखाली असलेला कोरडा प्रदेश एका टोकाला, ६७ टक्क्यांहून जास्त असलेली दमट किनारपट्टी दुसऱ्या टोकाला. एकाच राज्यात मराठवाड्यातल्या हवेत वाळलेली फळी कोकणात नेऊन बसवली तर ती फुगणार, हे या विभागणीवरून स्पष्ट होते. इमारतीचे कंत्राट लिहिणाऱ्याने ते पाहायला हवे, पण फार थोडे लोक पाहतात. १९५० च्या दशकात समुद्रातल्या लाकडाकडेही लक्ष गेले. बंदरांतले खांब आणि मासेमारीच्या होड्या सागरी कृमी आतून पोखरतात; ए. पुरुषोत्तम यांच्या नेतृत्वाखाली किनारपट्टीवरच्या बंदरांत लाकडाचे नमुने लटकवून त्यांचा अभ्यास झाला. १९६१ मध्ये एम. ए. रहमान आणि ओ. पी. चावला यांनी सूर्याच्या उष्णतेवर लाकूड सुकवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या छपराखाली तापलेली हवा पंख्याने लाकडाच्या थरांतून फिरवायची, अशी ही भट्टी लहान सुतारखान्याला परवडणारी होती. १९७२ मध्ये तिचा सुधारित आराखडा आला.

सत्तरच्या दशकानंतर परिस्थिती उलटली. रेल्वेने काँक्रीटचे स्लीपर स्वीकारले आणि ज्या प्रश्नाने हे संशोधन सुरू केले तो प्रश्नच मागे पडला. १९८८ च्या वननीतीने जंगलातून लाकूड काढण्याऐवजी जंगल राखण्यावर भर दिला. १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या बांधकामांत लाकूड वापरण्यावर बंदी घातली. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशाने बेकायदा आरागिरण्या आणि मान्यताप्राप्त आराखड्याबाहेरची वृक्षतोड यांना आळा घातला. जंगलाचे लाकूड दुर्मिळ झाल्यावर संशोधकांची नजर शेताकडे आणि मळ्याकडे वळली. केरळातले रबराचे झाड पंचवीस-तीस वर्षांनी फारसा चीक देत नाही आणि तोडले जाते. त्याच्या लाकडात साखर आणि पिठूळ द्रव्य इतके असते की बुरशी आणि भुंगे ते काही आठवड्यांत निकामी करतात. पूर्वी ते जळणासाठीच जाई. तोडल्यावर लगेच बोरॅक्स आणि बोरिक आम्लात बुडवून आणि मग भट्टीत सुकवून तेच लाकूड खुर्च्या-टेबलांसाठी चांगले ठरले. उत्तरेत पॉप्लर आणि निलगिरीची शेती उभी राहिली आणि प्लायवूडच्या कारखान्यांना तिथून लाकूड मिळू लागले.

कामेसम यांच्या मिश्रणाचेही दिवस पालटले. लाकडातून सोमलाचा अंश मातीत उतरतो आणि मुलांच्या हाताला लागतो, या चिंतेने अमेरिकेतल्या उत्पादकांनी २००३ अखेर घरगुती वापरासाठी ते बंद केले. युरोपीय संघानेही २००४ पासून त्यावर कडक बंधने आणली. त्या जागी सोमलाशिवाय तांब्याची मिश्रणे आली. दुसरीकडे फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात लाकूड ऑक्सिजनविरहित वाफेत दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजून त्याची पाणी शोषण्याची शक्तीच कमी करण्याची पद्धत विकसित झाली. विष न घालता लाकूड टिकवण्याच्या या मार्गावर बंगळूर आणि देहरादून येथेही काम झाले आहे. २०२० मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने लाकूडबंदी उठवली, आणि सत्तावीस वर्षांनी सरकारी इमारतींच्या आराखड्यांत लाकडाला पुन्हा जागा मिळाली.